आवडाक्काचं आभाळातलं दळण

या. गोधडीत पाय आत घ्या. शंकऱ्या, तू भिंतीकडं हो. मुक्ते, पदर ओढू नकोस माझा, जुनेर आहे ते, फाटेल. काय म्हणालीस? शाळेत बाईंनी सांगितलं, तारे जागच्या जागी गरागरा फिरतात? मग बरोबर सांगितलं. फिरतातच. आणि कुणी फिरवले ते नाही सांगितलं? कसं सांगतील बिचाऱ्या, त्यांच्या पुस्तकात नसेल ते. मला माझ्या आजीनं सांगितलं होतं. आता मी सांगते, पण मधेमधे प्रश्न विचारायचे नाहीत. विचारलेत की मी विसरते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

तर एकदा काय झालं, एक होता माळ. केवढा मोठा? एका टोकाला तान्हं बाळ रडलं, तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईस्तोवर ते बाळ लग्नाला यायचं. एवढा मोठा. त्याच्यावर ना झाड, ना विहीर. नुसती माती आणि दगड. थंडीच्या दिवसांत माणसं दिवसाउजेडी माळ ओलांडायची. पण उन्हाळ्यात तो तापायचा, असा तापायचा की बैलांच्या खुरांना चटके बसायचे. दिवसा पाऊल टाकायची सोय नाही.

मग रात्री जावं ना, असं तुम्ही म्हणाल. जावं, पण कसं? तेव्हा आभाळात तारेच नव्हते, बरं का. सूर्य होता. तो कुणी केला ते मला विचारू नका, आजीनं मला सांगितलं नाही. चंद्र होता, पण चंद्राचं काय, आज इथं, उद्या तिथं, आणि महिन्यातनं एकदा गायबच. त्याच्या भरवशावर कोण वाट चालणार? रात्री माळावर गेलेली माणसं गोल गोल फिरायची आणि सकाळी निघाल्या जागीच परत यायची. तीही नशीबवान असली तर.

माळाच्या अलीकडे एक डोंगर होता. डोंगराच्या पायथ्याला गाव. त्या गावात राहायची आवडाक्का. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक, केवडा नावाची. आवडाक्कानं गावाची दळणं दळून तिला मोठी केली. पहाटे उठायची, जात्यापुढं बसायची, खुंटा धरायची आणि घर्र घर्र सुरू. दळायला बसली की चार घरांचं दळण झाल्याशिवाय उठायची नाही.

आणि तिची एक सवय होती. जात्यातले दाणे संपले, की तिचा तळवा जात्यावर पडायचा. असा, सपाट. जातं गप्प. कारण रिकामं जातं फिरवायचं नाही, बरं का. दगड दगडाला खातो, पिठात कच येते, आणि घरालाही ते चांगलं नाही म्हणतात. आवडाक्काला ते बघावं लागायचं नाही. आवाज बदलला की हाताला कळायचं. डोळ्यावर झोप असली तरी हात आपला जाऊन जातं थांबवायचा. गावातल्या सासवा सुनांना सांगायच्या, बघा, आवडाक्काच्या पिठात कधी कच लागत नाही.

मग केवडाचं लग्न झालं. स्थळ मिळालं ते माळाच्या पल्याडचं. थंडीचे दिवस होते, वऱ्हाड आरामात गेलं. आवडाक्का रडली, मग डोळे पुसून दळायला बसली. चालायचंच. मीपण रडले होते तुझ्या आईच्या लग्नात, पण कुणाला दिसू दिलं नाही.

वर्ष झालं. उन्हाळा लागला. आणि एक दिवस गावात कासारमामा आले. हे कासारमामा बांगड्या विकत माळाच्या कडेकडेनं, नदीच्या खडकाळ वाटेनं फिरायचे. इकडून तिकडं जायला त्यांना पंधरा दिवस लागायचे. ते आले, बांगड्यांचं ओझं उतरवलं आणि म्हणाले, "आवडाक्का, केवडाचा निरोप आहे. तिला दिवस गेलेत. सातवा लागलाय. म्हणाली, आईला सांगा, मला न्यायला ये."

आता बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण नुसत्या रितीचा प्रश्न नव्हता. केवडाच्या सासरी सुईण नव्हती. आदल्या वर्षी तिची थोरली जाऊ बाळंतपणातच गेली होती. केवडानं निरोपात ते घातलं नव्हतं, पण कासारमामांनी सांगितलं, की निरोप देऊन झाला तरी पोरगी वेशीपर्यंत त्यांच्या मागं मागं आली.

मग आईच का नाही गेली तिकडं? शंकऱ्या, तू विचारणारच होतास, तोंड उघडलंस ते दिसलं मला. आवडाक्का गेली असती रे, पण सुईणीचं काय? चांगली सुईण होती ती या गावची, ऐंशीची म्हातारी, तिला उंबऱ्याबाहेर आणायला दोन माणसं लागायची. आणि नदीच्या वाटेनं पोटुशी बाई आणायची म्हणजे पंधरा दिवस खडक चढायचे. ते होणार नव्हतं. वाट एकच. रात्रीतून माळ ओलांडायचा.

आवडाक्कानं विचार केला न केला, आणि कासारमामांना म्हणाली, "परत जाल तेव्हा तिला सांगा. पुढच्या बीजेच्या रात्री आमच्या डोंगराच्या माथ्यावर उजेड दिसेल. जावयांना म्हणावं, गाडी जुंपा आणि त्या उजेडाच्या रोखानं या. एका रात्रीत पोचाल." बीज का? अमावस्येला लेकीला कोण आणतं? आणि त्याच्या पुढं थांबायला तिच्याजवळ दिवस नव्हते.

झालं. बोलून बसली. उजेड आणायचा कुठून, ते नंतर बघू म्हणाली. आईचं असंच असतं.

कासारमामा गेले. मग आवडाक्का कामाला लागली. आधी गेली राजाकडं. राजा चांगला होता, पण त्याला जेवण झालं की झोप यायची, आणि ही नेमकी जेवणानंतर गेली. त्यानं जांभया देत देत सगळं ऐकलं. म्हणाला, "मावशी, माझ्या शंभर मशाली घेऊन जा. माळावर ओळीनं माणसं उभी करा." एका रात्री करून बघितलं. शंभर माणसं शंभर मशाली घेऊन माळावर गेली. शंभरावा माणूस उभा राहिला, तरी माळ संपायचं नाव नाही. त्यात वारा सुटला, मशाली विझल्या, आणि ती शंभर माणसंच वाट चुकली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक जण हाश्शहुश्श करत परत येत होता. राजा म्हणाला, "मावशी, माझ्याच्यानं एवढंच होतं." प्रामाणिक होता बिचारा.

मग ती गावाकडं गेली. गावानं डोंगराच्या उतारावर, जमेल तेवढ्या उंचीवर लाकडं रचली, होळीला रचतात त्याच्या दहापट. पेटवली. गावाला वाटलं, आता काय, केवढा हा जाळ. पण माळावर कोसभर गेलेली माणसं परत येऊन म्हणाली, की धुळीतनं काही दिसत नाही, नुसतं तांबूस झाल्यासारखं वाटतं, तेही कुठल्या बाजूला ते कळत नाही. लाकडं संपली. राख उरली.

आता बीजेला राहिले दोन दिवस. आवडाक्का घरी आली. जात्यापुढं बसली, पण दळेना. तिकडं केवडा गाडीत बसायच्या तयारीत असणार, इकडं उजेड नाही. रात्री ती लोकं उजेड शोधत बसणार, नाहीतर अंधारात निघणार. आणि अंधारात निघाली, तर वाट चुकणार आणि माळावरच सूर्य उगवणार. ती उठली. भाकरी बांधून घेतली. म्हणाली, खाली उजेड नाही, तर वर बघते.

तेव्हा आभाळ आजच्याएवढं उंच नव्हतं, बरं का. त्या डोंगराचा माथा जवळजवळ आभाळाला टेकायचा. आवडाक्का रात्रभर चढली, दुसरा दिवसभर चढली. माथ्यावर पोचली, टाचा उंच केल्या, हात वर केले, आणि आभाळाची कड धरून वर गेली. साठीची बाई. मी तर माळ्यावर चढताना दोनदा देवाचं नाव घेते.

वर काय होतं? पसारा. सगळीकडं नुसती भुरभुर. रुईच्या फळातनं त्या पांढऱ्या म्हाताऱ्या उडतात ना, ज्यांच्या मागं तुम्ही धावता, तसलं काहीतरी, पण त्याहून बारीक. आभाळभर तरंगत होतं. आणि त्या पसाऱ्यात एक म्हातारबाबा बसला होता. आभाळाचा राखणदार. दाढी पण तसलीच भुरभुरीत, कुठं दाढी संपते आणि कुठं आभाळ सुरू होतं ते कळत नव्हतं.

तो म्हणाला, "कोण गं तू? पसारा करू नकोस इथं."

आवडाक्का म्हणाली, "पसारा तर आधीच पडलाय बाबा. कधी झाडलंय का? मला उजेड पाहिजे. उद्या रात्री माझी लेक माळ ओलांडणार आहे."

म्हातारबाबा म्हणाला, "उजेड काय, हा सगळा उजेडच आहे. पण पातळ. घोटभर तूप तळ्यात ओतलं तर दिसेल का? तसं झालंय त्याचं. एका जागी गोळा कर, मग दिसेल. मला काही जमलं नाही. मी आपला राखतो."

मग आवडाक्कानं पदर खोचला. आधी तिनं भुरभुर झाडून एका कोपऱ्यात ढीग करायला घेतला. झाडायला गेलं की सगळं उडायचं. ढीग इकडं करते तोवर तिकडचं विखुरलेलं. अर्धी रात्र तशीच गेली.

मग तिनं दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि लाडू वळतात तसा वळायला बसली. दाबला, वळला, हात उघडला, की फस्स. तुपाशिवाय बेसनाचे लाडू वळल्यासारखं. पुन्हा वळला, पुन्हा फस्स. उजाडलं. बीजेचा दिवस उजाडला.

तिचे हात गळून गेले होते. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं, आणि आता काय करू म्हणून ती मटकन खाली बसली. आणि मुलांनो, ती बसली ती कशी, तर जात्यापुढं बसतात तशीच. एक पाय लांब, एक दुमडलेला. चाळीस वर्षांची बैठक. समोर जातं नव्हतं, पण हात आपला पुढं गेला. मूठ वळली. आणि ती दळायला लागली. पुढ्यात काही नाही, हात गोल गोल. आणि तोंडात ओवी आली.

माळाच्या पल्याड, लेक माझी गं केवडा,
तिच्या वाटेवरी, पडो उजेड एवढा.

पहिल्यांदा काही झालं नाही. मग तिच्या हाताजवळची भुरभुर हलली. जरा वळली. हाताबरोबर गोल फिरायला लागली, अगदी सावकाश. मग तिच्या शेजारची फिरायला लागली. मग तिच्या शेजारची. आवडाक्का थांबली नाही. दळणारणीला थांबायची घाई नसते. दुपार झाली, आणि लांब लांबची भुरभुर, आभाळाच्या कडेची, तीसुद्धा फिरत फिरत आत येऊ लागली.

आणि गंमत बघा. लांब होती तोवर ती रमतगमत फिरायची. जशी आत यायची, तशी भरभर. जेवढी आत, तेवढी जोरात. आवडाक्का तेवढ्याच जोरानं फिरवत होती, पण ते आपलं आपण जोर धरत होतं. म्हातारबाबा उठून बघायला लागला. असं का होतं? मुक्ते, उद्या अंगणात जा. हात पसरून गिरकी घे, आणि मग पटकन हात छातीशी ओढ. बघ कशी गर्रकन फिरशील. आत्ता नाही. आत्ता झोप. उद्या म्हटलं ना.

मग सगळी भुरभुर मधे दाटली. त्याचा झाला गोळा, भोपळ्याएवढा, मग गाडीएवढा, मग घराएवढा. आणि दाटला तसा तापला. दळताना पीठ गरम येतं ना हाताला, ताजं ताजं? तसाच. आधी कोमट, मग गरम, मग लाल, मग पिवळा, आणि दिवेलागणीला, अगदी आपण देवाजवळ दिवा लावतो त्या वेळेला, तो लखकन पेटला. पांढराशुभ्र. डोंगराच्या बरोबर डोक्यावर.

आभाळातला पहिला तारा.

आवडाक्कानं खुंट्यावरची मूठ सोडली. म्हणजे खुंटा नव्हताच, पण सोडली. आणि तरी तारा फिरतच राहिला. तिला नवल वाटलं. जातं कसं, हात सोडला की दोन फेऱ्यांत थांबतं. म्हातारबाबा म्हणाला, "तुझं जातं थांबतं, कारण खाली दगड घासतो. इथं खाली काही नाही, बाजूला काही नाही. याला घासायला आहेच काय? कुणी हात लावला नाही, तर हा कधीच थांबायचा नाही."

आणि तिकडं माळाच्या पल्याड जावयांनी गाडी जुंपली. केवडा चढून बसली. लांबवर, अगदी टिकलीएवढा, उजेड दिसत होता. बैल त्याच्या रोखानं निघाले.

इकडं आवडाक्का ताऱ्याजवळ बसली. बांधून आणलेली भाकरी खाल्ली, अर्धी म्हातारबाबाला दिली. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. तारा छान ऊब देत होता, आणि त्याचा आवाज येत होता, घर्र, घर्र, एका लयीत. ऐकता ऐकता तिची मान खाली गेली. डोळे मिटले. मध्यरात्र झाली.

आणि झोपेत तिच्या कानाला वाटलं, दाणे संपले.

सगळी भुरभुर आत दळून झाली होती ना. बाहेरून नवी येत नव्हती. आवाज बदलला. रिकामं जातं फिरतंय, असा आवाज. आवडाक्का जागी झाली नाही. पण तिचा हात उठला. चाळीस वर्षांची सवय ती. तळवा गेला आणि ताऱ्यावर पडला. असा, सपाट.

तारा थांबला.

थांबला, मऊ पडला, बसकला, आणि त्याचा उजेड गेला. भुरभुर पुन्हा इकडं तिकडं सुटली. चटक्यानं आवडाक्का जागी झाली. बघते तर काळोख. तळवा भाजलेला. तिला काय झालं ते कळलं. तिची लेक त्या वेळी माळाच्या मधोमध होती. पुढं जायची वाट नाही, मागं जायची वाट नाही, आणि दोनच प्रहरांनी सूर्य उगवणार होता.

ती म्हणाली, "बाबा, मी काय केलं हे? रिकामं फिरत होतं म्हणून थांबवलं."

म्हातारबाबा रागावला नाही. म्हणाला, "रिकामं नव्हतं गं ते. याला वेगळे दाणे लागत नाहीत. हा स्वतःलाच दळतो, आणि त्याच्यातनं उजेड पडतो. फिरणं हेच त्याचं दळण."

आवडाक्का पुन्हा बसली. एक पाय लांब, एक दुमडलेला. भाजलेल्या हाताची मूठ वळेना. तिनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि फिरवायला लागली. भुरभुर हलली, पण हळू, फार हळू. पहिल्यांदा दिवसभर लागला होता. आता दिवस कुठून आणायचा?

तेव्हा म्हातारबाबा उठला. तो राखणदार, हजारो वर्षांत त्यानं आभाळातलं काही इकडचं तिकडं केलं नव्हतं. तो आवडाक्कासमोर येऊन बसला. बसला तोही चुकीचा, मांडी घालून. पुरुषमाणूस, कधी जात्यापुढं बसला असेल तर ना. आवडाक्कानं त्याचा पाय ओढून सरळ केला. त्यानं आपला मोठा हात तिच्या हातावर ठेवला. आणि दोघं मिळून दळायला लागली, दोघी जावा समोरासमोर बसून दळतात तशी.

दोघांचा जोर मोठा, बरं का. भुरभुर वळली, फिरली, आत आली. आत आली तशी धावली. कडेची आली, पार आभाळाच्या टोकाची आली. म्हातारबाबाची अर्धी दाढीपण त्यात गेली. त्यानं दळणं सोडलं नाही. गोळा झाला, दाटला, तापला, लाल झाला. आणि रात्रीचा शेवटचा प्रहर लागता लागता तारा पेटला. पहिल्यापेक्षा मोठा.

आवडाक्कानं लगेच आपला उजवा हात पदरात गुंडाळला आणि पदराची घट्ट गाठ मारली. म्हणाली, "या हाताचा भरवसा नाही मला." आणि हात बांधलेलाच घेऊन ती डोंगर उतरायला लागली. चढायला लागले होते एक रात्र आणि एक दिवस. उतरली ती उजाडायच्या आत. कशी, ते तिला नंतर सांगता आलं नाही. पाय सोलून निघाले होते एवढं खरं.

वेशीवर येऊन उभी राहिली. पूर्व उजळायला लागली होती. माळावर काही दिसेना. ती बघत राहिली. सुईण म्हातारीलापण दोघांनी उचलून बाहेर आणून बसवलं होतं. सगळं गाव जमलं होतं. मग लांबून घुंगरांचा आवाज आला. बारीक. मग धूळ दिसली. मग गाडी.

सूर्याची कोर डोंगराला लागायच्या आत गाडी वेशीत आली. केवडा खाली उतरली. आवडाक्कानं डाव्या हातानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

केवडा म्हणाली, "आई, निम्म्या वाटेत उजेड गेला. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. हे म्हणाले, मागं फिरू. मी म्हटलं, बैल सोडा, इथंच बसू. आईनं लावलाय दिवा, ती परत लावेल. आम्ही हललो नाही. आणि लागला."

आवडाक्काला राहवेना. ती म्हणाली, "मीच विझवला गं. या हातानं. झोपेत मला वाटलं, दाणे संपले." आणि मग मात्र ती रडायला लागली, सगळ्या गावासमोर.

केवडानं तिच्या पदराची गाठ सोडली. भाजलेला हात बाहेर काढला. बघितला. तो तळवा तसाच सपाट आपल्या पोटावर ठेवला. आणि आत बाळ फिरलं, गर्रकन, या कुशीवरून त्या कुशीवर. आवडाक्काच्या हाताला कळलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो हात फिरत्या गोष्टीवर नुसता राहिला. थांबवायला गेला नाही.

पुढं काय, दीड-दोन महिन्यांनी केवडा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. सुईण म्हातारीनं नाळ कापली, आणि गूळ खाऊन घरी गेली.

आणि वर आभाळात? आवडाक्का आणि म्हातारबाबानं एवढं दळलं होतं, की सगळी भुरभुरच ढवळली गेली होती. त्यात जागोजागी लहान लहान भोवरे सुटले. एकेका भोवऱ्यात एकेक गोळा दाटला, तापला, पेटला. तेच हे सगळे तारे. कुणी भरभर फिरतो, कुणी तुमच्या आजोबांसारखा, उठू की नको करत. आणि आपला सूर्यपण तारा आहे म्हणे, त्याला एक गिरकी घ्यायला जवळजवळ महिना लागतो. पण फिरतात सगळे. त्यांना थांबवायला तिथं कुणाचा हातच नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यातल्या लेकी रात्रीच्या रात्री माळ ओलांडून माहेरी येऊ लागल्या. केवडा तर दर वर्षी यायची, पोरीला मांडीवर घेऊन. आवडाक्का पुष्कळ जगली, सगळी सुखात राहिली.

शंकऱ्या झोपला वाटतं. मुक्ते, तू डोळे मीट. अंगावर नीट घे. मी आहे इथंच, तुझ्या पाठीवर हात ठेवून. नीज आता.